सारावाकला निघायच्या आधी

अगं, तुझा मेल वाचला, झाडांची चित्रं काढायला बोर्निओतल्या सारावाकला जायचं नक्की झालं हे बेस्टच! पण तुझ्या यादीत ब्रश ढीगभर आणि कागद कशात ठेवणार ते कुठेच नाही, तिकडच्या दमट हवेत कागदाला बुरशी धरायला वेळ लागत नाही, आधी हवाबंद डबा आणि सिलिका जेल घे बाई.

आणि झाडाफुलांची चित्रं काढणाऱ्या इंग्लिश मॅरिअन नॉर्थचं म्हणशील तर एकटी बाई जगभर फिरली हा रोमान्स जरा बाजूला ठेव. १८७१ ला बाहेर पडली तेव्हा चाळिशीची होती, पैसा होता, मोठ्या लोकांच्या ओळखी होत्या, सारावाकला तर तिथल्या इंग्रज राजा ब्रूकचीच पाहुणी. शिकायचं ते वेगळंच आहे. १८७६ मध्ये तिथे तिने एक मोठी घटपर्णी (घटासारख्या पानांत किडे पकडणारी वनस्पती) रंगवली, ते चित्र इंग्लंडात वीच नावाच्या रोपवाटिकेच्या मालकाने बघितलं आणि झाड शोधायला सरळ माणूस पाठवला, मग वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरने १८८१ मध्ये त्याला नाव दिलं नेपेंथिस नॉर्थियाना. म्हणजे चित्र आधी, नाव नंतर. आता चुनखडीच्या डोंगरावरून ती घटपर्णी तिला आणून दिली एव्हरेट नावाच्या माणसाने, पण नाव लागलं हिचं, तो राहिला तळटीपेत. म्हणून सांगते, तुला कुणी फांदी आणून दिली तर कुणी, कुठून, कधी हे त्याच कागदाच्या कडेला लगेच लिही, रात्री रूमवर जाऊन लिहीन म्हणशील तर राहूनच जाईल.

सारावाकमधल्याच मातांगच्या जंगलातलं नॉर्थचं दुसरं एक चित्र आहे, त्यात निळ्या फळांचे घोस आहेत, ती वनस्पती नवी प्रजाती आहे हे कळायला २०२१ उजाडलं! आता तिचं नाव चासालिया नॉर्थियाना. नॉर्थची चित्रं तैलरंगात, मागे अख्खं रान, फुलाचा उभा छेद वगैरे काही नाही, त्यामुळे आपल्या वनस्पतिचित्रकारांतले काही लोक नाक मुरडतात आणि छेदाबद्दल ते बरोबरच आहेत, तू छेद काढच. पण ओळखीच्या झाडासारखं दिसावं म्हणून पानाची शीर इकडची तिकडे करू नकोस, किडीने खाल्लेली कडासुद्धा आहे तशी ठेव.

फुलाचा रंग आधी लाव, पान थांबतं, फूल थांबत नाही. घटपर्णी मिळालीच तर खालचे घट आणि वरचे घट दोन्ही काढ, आकार वेगळे असतात, मापं डिव्हायडरने घे, अंदाजाने नको.

पहिल्या आठवड्याची पानं फोटो काढून पाठव, शेजारी पट्टी ठेवून, आणि फिल्टर लावलास तर उघडणारच नाही.