‘तृतीयपंथी खेळाडू’ की ‘पारलिंगी खेळाडू’?

गुहागर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या क्रीडाशिक्षिकेने विचारलं आहे: “आमच्या वादविवाद स्पर्धेसाठी विषय ठरला आहे, ‘तृतीयपंथी खेळाडूंना महिला गटात खेळू द्यावे काय?’ मुख्याध्यापक म्हणतात, तृतीयपंथी हा सरकारी शब्द आहे, तोच ठेवा. एक सहकारी म्हणतात ट्रान्सजेंडर लिहा, दुसरे म्हणतात पारलिंगी. बरोबर कोणता? आणि अशा खेळाडूबद्दल बोलताना मुलांनी ‘तो’ म्हणायचं की ‘ती’?”

बाई, ‘पारलिंगी’ घ्या, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाहून स्वतःला वेगळ्या लिंगाची मानणारी व्यक्ती, आणि ‘ती’ म्हणायला सांगा. पण नुसता शब्द बदलून भागणार नाही, विषयाची वाक्यरचनाही बदलावी लागेल. आहे तशी ठेवलीत तर मुलं उभी राहण्याआधीच एका बाजूचा निकाल लागलेला असेल.

तृतीयपंथी हा शब्द वाईट नाही. मराठीतल्या टाकून बोलण्याच्या शब्दांच्या जागी तो आला आणि त्याने कित्येकांना माणसासारखी हाक मिळवून दिली. मूळ कल्पना जुनी आहे. अमरकोशात ‘तृतीयाप्रकृति’ हा शब्द षंढ, क्लीब, नपुंसक यांच्या रांगेत बसवलेला आहे. आपल्या शब्दात ‘प्रकृती’ जाऊन ‘पंथ’ आला. पंथ म्हटला की दीक्षा आली, गुरू आला, एकत्र राहणं आलं. हिजडा समाजात गुरू-चेल्याचं नातं आहे, घराणी आहेत, म्हणून त्या समाजाला हा शब्द शोभतो. आता लॉरेल हबर्ड घ्या. न्यूझीलंडची ही पारलिंगी भारोत्तोलक 2021 साली झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांच्या 87 किलोवरच्या गटात उतरली आणि स्नॅचचे तिन्ही प्रयत्न फसून बाहेर पडली. तिचा पंथ कोणता? ती स्वतःला तिसरी म्हणत नाही, स्त्री म्हणते. सगळा वाद तिथेच तर आहे. तिला तुम्ही आधीच ‘तृतीय’ म्हणून मोकळ्या झालात, तर ‘तिसऱ्याने दुसऱ्यांच्या गटात का यावं?’ असा प्रश्न आपोआप तयार होतो आणि विरोधी बाजूच्या मुलाला काही सिद्धच करावं लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालातही हा भेद आहे. त्या निकालाने तिसऱ्या लिंगाला मान्यता दिली आणि त्याच वेळी स्वतःला स्त्री, पुरुष की तृतीय म्हणवायचं हे ठरवण्याचा हक्कही व्यक्तीला दिला. म्हणजे तृतीय ही अनेकांतली एक निवड आहे. सगळ्यांवर सरसकट मारायचा शिक्का नव्हे.

‘ट्रान्सजेंडर’ चुकीचा नाही आणि मुलांच्या कानावरचा आहे. पण आपल्याकडे तो कायद्यामुळे फार पसरट झाला. 2019 साली झालेल्या कायद्याच्या व्याख्येत पारलिंगी स्त्री-पुरुष आले, आंतरलिंगी व्यक्ती आल्या, किन्नर, हिजडा, जोगता यांसारख्या सामाजिक ओळखीही आल्या. संरक्षण द्यायचं तर छत्री मोठी हवी, हे ठीकच आहे. खेळाच्या नियमांना मात्र हे सगळे वेगवेगळे मोजावे लागतात. म्हणून मी ‘पारलिंगी’कडे झुकतो. पारपत्र, पारेषण यांत जो ‘पार’ आहे तोच हा: एका बाजूकडून दुसरीकडे जाणं. ‘परलिंगी’ असंही लिहिलेलं दिसतं, ते नको, कारण त्याने नुसतं ‘दुसऱ्या लिंगाचा’ असं होतं आणि अर्थ लंगडा पडतो.

आता तुम्ही विचारलेली नाही, पण स्पर्धेत हमखास होणार अशी गल्लत. मुलं मोबाइलवर शोधतील आणि पहिली नावं सापडतील कॅस्टर सेमेन्या, द्युती चंद, इमान खलिफ. यातली एकही पारलिंगी नाही. दक्षिण आफ्रिकेची सेमेन्या 2009 साली बर्लिनला 800 मीटरमध्ये विश्वविजेती झाली. ती मुलगी म्हणून जन्मली आणि मुलगी म्हणूनच वाढली. वाद झाला तो तिच्या शरीरात नैसर्गिकपणे तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावरून. ओडिशाच्या धावपटू द्युतीला 2014 च्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी याच कारणाने संघातून वगळलं. ती क्रीडा लवादाकडे गेली आणि 2015 च्या जुलैत लवादाने तो नियमच स्थगित केला. तमिळनाडूच्या शांती सौंदराजनला मात्र असा न्याय मिळाला नाही. 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत 800 मीटरचं रौप्य जिंकल्यावर तिची तपासणी झाली आणि पदक काढून घेतलं गेलं. अल्जीरियाची मुष्टियोद्धी खलिफ 2024 साली पॅरिसला 66 किलो गटात सुवर्ण जिंकत होती, तेव्हा जगभर तिला पुरुष म्हणून हिणवलं गेलं. तीही मुलगी म्हणूनच जन्मली आणि वाढली.

ज्यांच्या शरीराची घडण जन्मतःच स्त्री-पुरुषाच्या ठरीव साच्यात बसत नाही त्यांच्यासाठी मराठीत ‘आंतरलिंगी’ शब्द रुळतो आहे. तोही जपून वापरायचा. सेमेन्या स्वतःला स्त्रीच म्हणवते, आणि कुणाच्या वैद्यकीय कागदांवरून आपण स्टेजवर नाव ठेवायचं नसतं. तुमच्या विषयातला ‘तृतीयपंथी’ हबर्डलाही गिळतो आणि शांतीलाही. दोघींचे प्रश्न वेगळे, नियम वेगळे, आणि तिसरीच उत्तरं मुलांच्या तोंडी येणार. या एका शब्दाने सगळ्यात मोठं नुकसान होतं ते हे.

आता वाक्यरचना. हा वाद ज्या एका गोष्टीभोवती फिरतो ती म्हणजे वयात येणं. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने 2023 च्या मार्चमध्ये ठरवलं की पुरुषासारख्या वयात आलेल्या पारलिंगी स्त्रिया आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्त्रियांच्या गटात धावणार नाहीत. पोहण्याच्या जागतिक संघटनेने 2022 च्या जूनमध्येच तसा नियम केला होता आणि क्रिकेटच्या आयसीसीने 2023 च्या नोव्हेंबरमध्ये. मराठीत हे ‘पुरुषी यौवन’ असं लिहिलेलं वाचलं आणि मी थबकलो. यौवन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तारुण्याचा बहर येतो. इथे सांगायचंय ते अगदी शरीराचं आहे: आवाज फुटतो, मिसरूड येतं, उंची वाढते, खांदे रुंदावतात, हाडं लांब आणि दणकट होतात, स्नायू भरतात, रक्तातलं हिमोग्लोबिन वाढतं. पुढे औषधांनी टेस्टोस्टेरॉन खाली आणलं तर हिमोग्लोबिन काही महिन्यांत उतरतं, स्नायू सावकाश कमी होतात, पण वाढलेली उंची आणि हाडांची लांबी मागे जात नाही. बंदीच्या बाजूचा सगळा भार या शेवटच्या वाक्यावर आहे. उलट बाजू विचारते की प्रत्येक खेळात याचा फायदा सारखाच असतो का, आणि एकेका खेळाडूकडे न पाहता सरसकट दार का लावायचं?

आपल्याकडे मुलीसाठी ‘वयात आली’, ‘शहाणी झाली’, ‘न्हाण आलं’ असे कितीतरी बोल आहेत. मुलासाठी ‘वयात आला’ हे आपण कमी म्हणतो, पण ते शुद्ध मराठी आहे आणि आठवीतल्या पोरालाही समजतं. म्हणून विषयात ‘पुरुषासारख्या वयात आलेल्या’ हेच शब्द घाला. ‘जन्माने पुरुष’ लिहिलंत तर बंदीची बाजू आधीच जिंकली. नुसतं ‘महिला खेळाडूंवर बंदी’ लिहिलंत तर दुसरी. मथळ्यांतला ‘घुसखोरी’ तर अजिबात नको, त्यात हेतूचा आरोप आहे.

आणखी दोन शब्दांशी मुलं अडखळतील.

एक, ‘खुला गट’. पोहण्याच्या संघटनेने पारलिंगींना बाहेर ठेवताना एक वेगळा गट काढला आणि त्याचं भाषांतर सगळीकडे ‘खुला गट’ झालं. आपल्याकडे गावोगावच्या कबड्डीच्या फलकांवर ‘पुरुष खुला गट’ असतो तो वयाचं बंधन नसलेला, आणि प्रवेशाच्या यादीत ‘खुला’ म्हणजे आरक्षण नसलेला. चिपळूणच्या प्रेक्षकाला या दोन्हींतलंच काही तरी वाटणार. ‘लिंगनिरपेक्ष गट’ म्हणा, धर्मनिरपेक्षच्या चालीवर. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये बर्लिनच्या पोहण्याच्या विश्वचषकात हा गट ठेवला होता आणि एकही प्रवेशिका आली नाही. मुलांना हे ठाऊक असू द्या, ‘त्यांच्यासाठी वेगळा गट करा’ हे वाक्य प्रत्येक दुसऱ्या भाषणात येणारच आहे.

दोन, ‘लिंगचाचणी’. 1 सप्टेंबर 2025 पासून जागतिक ॲथलेटिक्समध्ये स्त्री गटातल्या खेळाडूंना आयुष्यात एकदा एसआरवाय या, सहसा पुरुषांच्या वाय गुणसूत्रावर असणाऱ्या जनुकाची चाचणी द्यावी लागते, गालाच्या आतल्या बाजूचा किंवा रक्ताचा नमुना देऊन. आपल्याकडे ‘लिंगचाचणी’ म्हटलं की सोनोग्राफी केंद्रावरची ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी आठवते, आणि 1994 च्या कायद्याने तो गुन्हा आहे. साधं ‘जनुक चाचणी’ म्हणावं.

आता ‘तो’ की ‘ती’. व्यक्ती स्वतःसाठी जे वापरते ते, म्हणजे हबर्डसाठी ‘ती’. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्या मुलालाही हा नियम लावा. ‘ती पुरुषासारखी वयात आली आहे, म्हणून तिने या गटात खेळू नये’ हा मुद्दा ‘ती’ म्हणूनही पूर्ण ताकदीने मांडता येतो. ‘तो’ म्हटल्याने मुद्द्याला धार येत नाही, फक्त समोरच्या माणसाला ओरखडा येतो. मराठीत वाट काढायलाही भरपूर जागा आहे. ‘खेळाडू’ शब्द दोन्हीकडे चालतो. ‘खेळाडूने पदक जिंकलं’, ‘हबर्डने वजन उचललं’ यांत कर्त्याचं लिंग कळतच नाही. ‘खेळेल’, ‘उतरेल’ या भविष्यकाळातही नाही. अडचण येते ती ‘धावला-धावली’, ‘खेळतो-खेळते’ इथे, आणि तिथे ‘ती’.

कुणी म्हणेल, व्याकरण शरीराप्रमाणे चालायला नको का? तुमच्याखालच्या मालवणी पट्ट्यात ऐका. तो इलो, ती इली, आणि मुलगी असेल तर ‘चेडू इला’. चेडू नपुंसकलिंगी! पोरीला नपुंसकलिंगात बोलावून कुणी तिचं मुलगीपण काढून घेतलं, असं आजवर कुणाला वाटलेलं नाही. शब्दाचं लिंग आणि माणसाचं लिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या भाषेत दोन्हींना ‘लिंग’ हा एकच शब्द आहे, तेवढ्याने त्या एक होत नाहीत.

कोकणातल्या मुलांच्या बाबतीत एक काळजी मला जास्त वाटते. शिमग्यात साडी नेसून नाचणारा पुरुष आणि दशावतारातला स्त्रीपार्टी करणारा नट त्यांनी लहानपणापासून पाहिलेला आहे. दोन्ही कला थोर आहेत. दशावतारातल्या स्त्रीपार्टीची चाल, पदर सावरणं, नजर खाली घेणं पाहिलं की थक्क व्हायला होतं. पण ते सोंग आहे, कलाकाराला आणि प्रेक्षकाला दोघांनाही ते ठाऊक असतं, आणि नाटक संपल्यावर नट रंग पुसून घरी जातो. त्या सवयीने एखादा मुलगा भाषणात ‘बाईचं सोंग घेऊन पदकं लुटतात’ म्हणेल आणि टाळी पडेल. तिथे तुम्ही थांबवा. पारलिंगी माणसाच्या जगण्याला सोंग म्हणणं भाषेच्या दृष्टीनेही चूक आहे, कारण उतरवून ठेवण्यासारखं त्यात काही नसतं. तुमच्याच वर्गात, तुमच्याच कबड्डीच्या संघात असं एखादं लेकरू गप्प बसून ते भाषण ऐकत असेल. चढाईला कचरला म्हणून ‘बायल्या’ ऐकण्याची सवय त्याला आधीच असेल.

आणि त्याच संघात पहाटे उठून सराव करणारी, जिल्ह्याच्या निवडीवर डोळा ठेवून बसलेली मुलगीही असेल. तिची ‘माझी जागा जाईल का?’ ही भीती द्वेष म्हणून उडवून लावू नका. स्त्रियांचा वेगळा गट आहे तो याच फरकासाठी. 100 मीटरचा पुरुषांचा विक्रम 9.58 सेकंदांचा आणि स्त्रियांचा 10.49 चा आहे. गट एकच असता तर तिच्यासारख्या कुणाचं नावही आपल्याला कळलं नसतं. या दोन्ही मुलांसमोर उच्चारता येईल असाच विषय हवा. मी असा लिहीन:

‘पुरुषासारख्या वयात आलेल्या पारलिंगी स्त्री खेळाडूंना स्त्रियांच्या गटात खेळू द्यावे काय?’

मुख्याध्यापकांना लांब वाटलं तर सांगा की यातला एकही शब्द काढता येत नाही. ‘वयात आलेल्या’ काढलं तर प्रश्न लहान मुलींपर्यंत पसरतो. ‘पारलिंगी’ काढलं तर सेमेन्या आणि शांती आत ओढल्या जातात. ‘स्त्री’ काढलं तर पारलिंगी पुरुषही येतात, ज्यांच्याबद्दल हा वाद मुळात नाही. स्पर्धेच्या पत्रकात विषयाखाली ‘पारलिंगी’ आणि ‘आंतरलिंगी’ यांचे अर्थ एकेका ओळीत छापा, आणि परीक्षकांनाही तेच पत्रक आधी पाठवा.