जर्मनीतल्या माइसेन कारखान्याच्या सुरुवातीच्या कपबश्यांवर आणि ताटांवर चिनी-जपानी चित्रं का दिसतात?

कारण कारखाना काढणारा राजाच आशियाई पोर्सेलीनसाठी, म्हणजे चिनी मातीच्या नाजूक भांड्यांसाठी, वेडा होता. सॅक्सनी या जर्मन राज्याच्या ऑगस्टस द स्ट्राँगने १७१७ मध्ये शेजारच्या प्रशिया राज्याला ६०० घोडेस्वार सैनिक देऊन १५१ चिनी भांडी घेतली! माइसेनचा कारखाना त्याआधीच, १७१० मध्ये सुरू झाला होता. किमयागार ब्योटगर आणि शास्त्रज्ञ चिर्नहाउस यांच्या प्रयोगांतून खऱ्या पोर्सेलीनचं तंत्र हाती आलं होतं.

नक्षीत मला दोन वेगळे प्रवाह दिसतात. पहिला जपानी काकिएमोन शैलीचा. राजाच्या संग्रहातली भांडी समोर ठेवून तिच्या नकला केल्या जात: बांबूजवळचा वाघ, लावे पक्षी, फुललेल्या फांद्या, आणि मुख्य म्हणजे मोकळा सोडलेला पांढरा भाग. या शैलीचं खरं सौंदर्य त्या रिकाम्या जागेत आहे, म्हणून ताट बघताना आधी तीच बघा.

दुसरा प्रवाह १७२० मध्ये आलेल्या हेरोल्ट या चित्रकाराचा. त्याने चीन कधीच पाहिला नव्हता. छत्र्या, चहा पिणारी माणसं, विचित्र पक्षी हे सगळं युरोपच्या कल्पनेतलं पूर्वेचं जग आहे. त्याने विकसित केलेले चकचकीत रंग मात्र अप्रतिम.

१७४० च्या सुमारास युरोपीय फुलांनी हळूहळू या चित्रांची जागा घेतली.