शब्दशंका : रुखरुख की हुरहूर?

प्रश्न : मुलीला पुण्याच्या वसतिगृहात सोडून कोल्हापूरला परतल्यावर मी बहिणीला लिहिले, ‘घरी आल्यापासून मनाला रुखरुख लागून राहिली आहे; शेंगदाण्याच्या चटणीचा डबाही इथेच राहिला.’ बहिणीच्या मते येथे ‘हुरहूर’ हवे. हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे नाहीत का? ‘उदास’ किंवा ‘विषण्ण’ म्हटले असते तर?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हे दोन्ही शब्द मनाला ‘लागतात’, आणि त्यामुळेच ते सारखे वाटतात. मात्र रुखरुखीच्या मुळाशी आपल्या हातून राहून गेलेली किंवा मनासारखी न झालेली एखादी नेमकी गोष्ट असते, आणि ती गोष्ट दुरुस्त झाली, की बहुधा रुखरुखही जाते. हुरहुरीला असा उपाय नसतो. तिन्हीसांजेला मुलीची खोली रिकामी दिसते, काही चुकलेले नसते, कोणाचा दोष नसतो, तरीही जीव कशात लागत नाही. ही हुरहूर होय. (‘हुरहूर’ लिहिताना दुसरा उकार दीर्घ, पण ‘हुरहुरीने’ लिहिताना तो ऱ्हस्व होतो, छापील मजकुरातही येथे वारंवार चूक आढळते.)

हुरहूर पुढच्या काळाविषयीही वाटू शकते, परंतु ती भीती नव्हे. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली आणि पाणी 43 फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागले, की नदीकाठच्या घरांत जी असते ती धाकधूक. तिचे कारण फुटांत मोजता येते.

‘चुटपुट’ रुखरुखीला अगदी लागून आहे. थोडक्यात हुकलेल्या गोष्टीसाठी मी ‘चुटपुट’ वापरीन, मात्र येथे सीमारेषा पुसट आहे आणि बोलताना ती कोणी पाळत नाही. ‘हळहळ’ मात्र स्पष्टपणे वेगळी. ती दुसऱ्यासाठीही वाटते : खासबाग मैदानात आवडता पैलवान चितपट झाला, की प्रेक्षक हळहळतात, त्यांना रुखरुख लागली असे आपण म्हणत नाही. म्हणूनच वर्तमानपत्रांत हळहळ ‘व्यक्त’ होते, तीही इतक्या वेळा, की तो शब्द आता बराचसा गुळगुळीत झाला आहे.

‘उदास’ आणि ‘विषण्ण’ संस्कृतातून आले. ‘उदास’मध्ये मुळात ‘अलिप्त बसणे’ हा भाव आहे. गीतेच्या नवव्या अध्यायातील ‘उदासीनवत्’ हे पद तटस्थताच सांगते, दुःख नव्हे. मराठीत त्या अलिप्ततेवर दुःखाची छाया आली, आणि आता माणसाप्रमाणे रंकाळ्यावरची संध्याकाळही उदास असू शकते. ‘खिन्न’ मात्र सहसा माणूस, त्याचे मन किंवा चेहराच असतो. ‘विषण्ण’मधील ‘सद्’ धातूत बसणे, खचणे हा अर्थ आहे. पहिल्या अध्यायात स्वजनांना समोर पाहून अर्जुन बोलू लागतो तेव्हा त्याला ‘विषीदन्’ म्हटले आहे. मुलगी शिकायला पुण्याला गेली, एवढ्यासाठी हा शब्द फारच जड होईल.

आता तुमचे वाक्य. त्यात डबा नसता, तर बहिणीचे म्हणणे मी मान्य केले असते. डबा आहे म्हणून ‘रुखरुख’ चुकीची नाही; फक्त ती त्या डब्यापाशी ठेवावी आणि आधीच्या अर्ध्या वाक्यात ‘हुरहूर’ घालावी : ‘घरी आल्यापासून हुरहूर लागली आहे, त्यात चटणीचा डबा इथेच राहिल्याची रुखरुख.’