सोरॉरिटी, मोर्चे आणि मतदार-नोंदणीचं टेबल

ताई, तुमच्या दोन शंका: लेक न्यू जर्सीत ज्या बहुसांस्कृतिक सोरॉरिटीत, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या सभासद-संघटनेत, जायचं म्हणते ती पार्ट्या करणाऱ्या पोरींची टोळी तर नाही ना, आणि 'आमच्या संघटना चळवळीतल्या आहेत' असं ती म्हणाली म्हणजे स्टुडंट व्हिसावरची पोर रस्त्यावर बसणार का. मी तिकडच्याच एका विद्यापीठात विद्यार्थी-संघटनांचं काम बघणाऱ्या ऑफिसात अकरा वर्षं होते. हॉलचे अर्ज, मिरवणुकांच्या परवानग्या सगळं माझ्या टेबलावरून जायचं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सिनेमातला तो पांढऱ्या खांबांचा बंगला आधी डोक्यातून काढा. चळवळीचं समजायचं तर आधी कृष्णवर्णीयांच्या अशा संस्था बघा. त्यांच्याकडे बहुतेक ठिकाणी बंगला नसतोच. त्या निघाल्याच वेगळ्या गरजेतून. 1906 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात अल्फा फाय अल्फा ही मुलांची संस्था सुरू झाली, तेव्हा तिथे मूठभर कृष्णवर्णीय विद्यार्थी होते आणि त्यांतलेही काही आदल्या वर्षानंतर परत आलेच नव्हते. टिकून राहणं हेच पहिलं काम. पुढे अशा नऊ संस्था झाल्या, त्यांना 'डिव्हाइन नाइन' म्हणतात. त्यांतल्या पाच एकट्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात जन्मल्या.

तिथेच 13 जानेवारी 1913 ला बावीस मुलींनी डेल्टा सिग्मा थीटा काढली, आणि बरोबर सात आठवड्यांनी, 3 मार्चला, ती नवी संस्था स्त्रियांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मोठ्या मोर्च्यात उतरली. कृष्णवर्णीय बायकांनी मागे चालावं अशी काही आयोजकांचीच इच्छा होती. म्हणजे रस्त्यावरच्या गर्दीशी आणि स्वतःच्या बाजूच्या लोकांशीही एकाच दिवशी झगडायचं.

पण मोर्चा दिसतो, बाकीचं दिसत नाही, आणि खरं काम त्या बाकीच्यात असतं. अल्फा कॅप्पा अल्फा या नऊंतल्याच एका सोरॉरिटीच्या बायका 1935 पासून कित्येक उन्हाळे मिसिसिपीत जाऊन गरीब शेतमजुरांवर उपचार करत होत्या. डॉक्टर डोरोथी फेरेबी त्यांच्या प्रमुख. कापसाच्या मळेवाल्यांनी मजुरांना दवाखान्यापर्यंत जाऊ दिलं नाही, तेव्हा या बायकांनी दवाखानाच मोटारींत घातला आणि मळ्यावर नेला. मला या संस्थांच्या इतिहासातला हा प्रसंग सगळ्यात आवडतो. घोषणा एक नाही, पण मळेवाल्याला याहून झोंबणारं काय असेल? 1948 मध्ये अशा सहा संस्थांनी एकत्र पैसे घालून वॉशिंग्टनमध्ये नागरी हक्कांचा पाठपुरावा करणारं पूर्णवेळ ऑफिस उघडलं. ते 1963 पर्यंत चाललं. सगळं वर्गणीवर.

आणि वर्गणी पदवीनंतरही भरायची असते, कारण सभासदत्व जन्मभराचं. कॅम्पसवर पंधरा पोरी दिसतात, त्यांच्या मागे त्याच शहरातल्या वकील, मुख्याध्यापिका, न्यायाधीश असतात. एकदा आमच्या वरच्या साहेबांनी एका शोकसभेची परवानगी अडवली. पोरी आवाज न चढवता 'बरं' म्हणून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच संस्थेच्या, साठीच्या एक बाई ऑफिसात आल्या, नम्रपणे बसल्या आणि नियमावलीतलं कलम वाचून दाखवलं. दुपारी परवानगी निघाली.

सगळं गोड आहे असं नाही. ई. फ्रँकलिन फ्रेझिअर या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाने 1957 मध्येच या संस्थांवर मध्यमवर्गीय दिखाऊपणाचा आरोप केला होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. 2014 च्या डिसेंबरात पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूंविरुद्ध निदर्शनं पेटली, तेव्हा काही मोठ्या सोरॉरिट्यांच्या वरिष्ठांनी सांगितलं, निदर्शनाला जा, पण संस्थेच्या नावाची ग्रीक अक्षरं असलेले कपडे घालून नको. तरुण मुली चिडल्या. आपल्याकडे गणेश मंडळाचा टी-शर्ट घालून कुणी हाणामारी केली की नाव मंडळाचं जातं, तशी ती भीती. तेव्हा मी पूर्णपणे मुलींच्या बाजूने होते. आता वरिष्ठांचंही थोडं कळतं, तरी 1913 ला त्या संस्थेच्या नावानेच चालल्या होत्या हे विसरता येत नाही.

तुमची लेक जिथे जाणार त्या बहुसांस्कृतिक संस्था वयाने लहान. अशी पहिली सोरॉरिटी, म्यू सिग्मा अपसिलॉन, 1981 मध्ये रटगर्स विद्यापीठात सुरू झाली, म्हणजे तुमच्या लेकीच्याच राज्यात. दक्षिण आशियाई मुलामुलींच्या संस्था त्यानंतरच्या: आयोटा न्यू डेल्टा 1994 मध्ये बिंगहॅम्टनला, डेल्टा फाय ओमेगा 1998 मध्ये ह्यूस्टनला. यादीत जोशी, पाटील सापडतात. सभासद कमी आणि माजी सभासदांची फळीही पातळ, म्हणून या संस्था एकट्याने फारसं काही करत नाहीत, चारपाच संस्था मिळून कार्यक्रम घेतात. त्यांच्या कार्यक्रमांत तालात पाय आपटत ओळीने जो नाच करतात तो मात्र कृष्णवर्णीय संस्थांकडून आलेला आहे. तो आपला म्हणून मिरवणाऱ्या देशी पोरी पाहिल्या की मला अजून कसंतरी होतं.

आता व्हिसाचं. अटक होऊ शकेल अशा कुठल्याही निदर्शनाआधी परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात विचारायला सांगा, हे झालंच. पण तिला धोका मोर्च्यापेक्षा एका साध्या टेबलाशी जास्त आहे. या संस्थांचं सगळ्यात नेहमीचं काम म्हणजे मतदार-नोंदणी. 2020 मध्ये तर मुली नाचत मतदान केंद्रावर जातानाचे व्हिडिओ सगळीकडे फिरत होते. त्या टेबलावर घाईत, 'सगळ्याजणी भरतायत' म्हणून, तिने स्वतःच्या नावाचा फॉर्म भरून सही केली, तर अमेरिकेची नागरिक असल्याचा खोटा दावा केल्यासारखं होतं, आणि त्यावरून देशाबाहेर काढू शकतात. दुसऱ्यांचे फॉर्म गोळा करण्याचेही राज्याराज्यांत वेगळे नियम आहेत. तिने पाणी वाटावं, पोस्टर रंगवावीत, पेन हातात घेऊ नये.

आणि प्रवेशाच्या वेळी रात्री-अपरात्री बोलावतात का, कामं करून घेतात का, हे खोदून विचारा. डिव्हाइन नाइनच्या संयुक्त परिषदेने प्रवेशाआधीची ती जुनी 'प्लेजिंग'ची पद्धत 1990 मध्येच बंद केली, तरी काही ठिकाणी चोरून चालते. 'हे गुपित आहे, आईला सांगायचं नाही' असं उत्तर आलं, तर मला लगेच कळवा.