धावायचा वर्षाचा खर्च: दोघांचा हिशेब

तुम्ही आणि वहिनी दोघं धावायला सुरुवात करताय, आणि ऑफिसातल्या मित्राने वर्षाला माणशी पन्नास हजार सांगितल्यामुळे विचारात पडलाय. तेवढे जातातही काही जणांचे, पण ते स्पर्धांवर आणि हौसेवर. नुसत्या धावण्याला पहिल्या वर्षी माणशी बारा-पंधरा हजार पुरतात.

त्यातला मोठा वाटा बुटांचा. जोड साधारण 500 ते 800 किलोमीटर चालतो. पुढे वरून नवा दिसला तरी आतला फोम बसलेला असतो आणि नडग्या दुखायला लागतात. आठवड्याला 25 किलोमीटर धरा, म्हणजे वर्षाला साडेबाराशेच्या आसपास. दोन जोड लागणारच. साडेतीन-चार हजारांचा जोड अगदी व्यवस्थित असतो. तळव्यात कार्बनची कडक पट्टी असलेले (कार्बन प्लेटचे) पंधरा-वीस हजारांचे बूट शर्यतीच्या वेगासाठी असतात, ते आत्ता नकोत. मी तर म्हणेन, दोन्ही जोड पावसाळ्याआधीच घेऊन टाका. जुलैत भिजलेला बूट आत रद्दी कोंबली तरी दुसऱ्या सकाळी ओलाच असतो, आणि ओल्या बुटाने फोड येतात. आलटून पालटून वापरलेत तर वर्षाचा खर्च तेवढाच राहतो.

वहिनींसाठी चांगली स्पोर्ट्स ब्रा घ्या, हजार-दीड हजारांची. तिथे काटकसर अजिबात नको. बाकी कपडे साधे, पटकन वाळणारे चालतील.

जागेला पैसे पडत नाहीत, आणि पुणेकरांचं हे खरं भाग्य. तळजाई, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी. तिथली माती सिमेंटच्या रस्त्यापेक्षा पायांना कितीतरी बरी. घड्याळाचं काम फोन करतो. धावताना खायच्या गोड जेलची पाकिटं दहा किलोमीटरला लागतच नाहीत; तास-सव्वा तास पुरेल एवढं इंधन अंगात असतं. घरी येऊन लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आणि एक केळं.

पैसे खरे वाहतात ते स्पर्धांत. गावातली दहा किलोमीटरची स्पर्धा हजाराच्या आसपास होते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला मात्र बिब (छातीवर लावायचा क्रमांक) आधीच जाऊन घ्यायचा आणि शर्यत पहाटेची, म्हणजे मुक्काम आला. दोघांचं जाणं-येणं आणि हॉटेल प्रवेश फीच्या वर जातं. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या जवळपास नव्वद किलोमीटरच्या शर्यतीला जाणाऱ्यांचा हिशेब तर लाखांत असतो. पहिल्या वर्षी पुण्यातच एक-दोन स्पर्धा करा.

आणखी एक, जे कुणी हिशेबात धरत नाही: फिजिओथेरपी. दोघांत मिळून पाच हजार वेगळे ठेवा. एकाच जागी आठवडाभर दुखत राहिलं तर धावणं थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. लवकर गेलात तर बहुतेकदा थोडक्या बैठकांत भागतं. अंगावर काढलंत तर महिने जातात आणि पैसेही.

बूट घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. धावताना घालता तेच मोजे घालून बघा, आणि पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी हवी.