बांध पक्का, मग धोक्याचा कसा?

प्रश्न : आमच्या ग्रामसभेनं सामूहिक वनहक्काच्या जंगलात नाल्यावर मातीचा बांध घातला. उंची 4.5 मीटर, लांबी 90 मीटर. शेतीला पाणी घेत नाही. उन्हाळ्यात चितळं, रानडुकरं, अस्वलं पाण्यासाठी गावात येऊ नयेत आणि पाखरं टिकावीत, एवढाच हेतू. पाहणीला आलेल्या अभियंत्यांनी काम चांगलं म्हटलं, पण अहवालात 'जास्त धोक्याचा वर्ग' असं लिहिलं. खाली 700 मीटरवर नाल्याकाठी निवासी आश्रमशाळा आहे. बांध पक्का असेल तर तो धोक्याचा कसा? गावात कुरबुर चाललीय.
– एक वाचक, गोंदिया जिल्हा

उत्तर : अभियंत्यांनी बरोबर लिहिलंय, आणि तुमच्या कामाला नावं ठेवलेली नाहीत. हा वर्ग बांधाच्या तब्येतीचा नसतोच. बांध फुटलाच तर खाली कुणाचं काय जाईल, त्यावर तो ठरतो. हाच बांध निर्जन खोऱ्यात असता तर कमी धोक्याचा ठरला असता. तुमच्या खाली शाळा आहे, मुलं रात्री तिथंच झोपतात. मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं.

कायद्याचं म्हणाल तर 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो. 10 ते 15 मीटरच्या धरणांनाही लागतो, पण साठा 10 लाख घनमीटर किंवा लांबी 500 मीटर, अशा काही अटींवर. तुमचा बांध त्यात कुठंच बसत नाही. म्हणजे पावसाळ्याआधी आणि नंतरची तपासणी कुणी सक्तीनं करायला येणार नाही; ती तुम्हीच करायची.

आणि 'एवढासा तर आहे' हे वाक्य नोकरीत मी फार ऐकलंय. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टोकोआ फॉल्स इथं केली बार्न्स नावाचं जेमतेम 12 मीटर उंचीचं मातीचं धरण होतं. 6 नोव्हेंबर 1977 च्या पहाटे, मुसळधार पावसात ते फुटलं आणि खालच्या कॉलेजच्या आवारातली 39 माणसं गेली. तुमचा बांध त्याहून पुष्कळ लहान आहे, मान्य. पण तिथंही खाली झोपलेली माणसंच होती.

आता कामाचं. तुमच्या बांधाचा जीव सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर काढणाऱ्या वाटेत आहे. पाखरांसाठी पाणी जास्त दिवस टिकावं म्हणून सांडव्यात रेतीची पोती रचायचा मोह होईल; हमखास होतो. रचू नका. पूर सांडव्यातून गेला नाही तर माथ्यावरून जाईल, आणि मातीचा बांध माथ्यावरून पाणी सोसत नाही. सांडव्यातली झुडपं, वाहून आलेली लाकडं मे महिन्यातच काढा.

जंगलातल्या बांधाचं दुखणं वेगळं असतं. सायाळ, घुशी, खेकडे भरावात बिळं करतात. 2019 मध्ये तिवरे धरण फुटलं तेव्हा एका मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडलं आणि महाराष्ट्र हसला. हसायचं कारण होतं, पण बिळं ही थट्टेची गोष्ट नाही. दिसलेलं बीळ खणून मोकळं करा आणि ओलसर चिकणमाती थर देऊन ठोकत भरा. वरून नुसते दगड टाकून चालत नाही. बांधाच्या अंगावर झाडं वाढू देऊ नका, गवत राहू द्या. पाखरांना झुडूप हवंच असेल तर ते तलावाच्या वरच्या, उथळ काठाला लावा. जनावरांनाही पाण्यावर यायला तिकडूनच उताराची वाट करा, म्हणजे त्यांच्या खुरांनी भराव उकरला जाणार नाही.

पायथ्याशी ओल दिसली तर लगेच घाबरू नका, मातीचा बांध थोडा पाझरतोच. ते पाणी काचेच्या ग्लासात धरा. नितळ असेल तर नोंद करून ठेवा. तळाशी माती बसली, तर बांधाच्या पोटातली माती वाहून चाललीय. त्याच दिवशी अभियंत्यांना बोलवा आणि सांडव्याची पातळी खाली खणून साठा उतरवायची तयारी ठेवा.

शाळेच्या मुख्याध्यापकांना अहवालाची प्रत द्या. मुलांनी कोणत्या टेकाडावर जायचं ते दाखवा, आणि रात्री पावसाचा जोर वाढला तर बांधावर कोण जाणार, शाळेला फोन कोण करणार, हे ग्रामसभेच्या वहीत नावानिशी लिहून घ्या.