आजोबांचा नकाशा आणि उजनीचं पाणी

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत १९५०च्या सुमाराचा, एक इंचास एक मैल मापाचा सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा सापडला. पळसदेवजवळचं आमचं रान उजनीत गेलं. ते यात सापडेल का? तपकिरी रेघेवरचे १६०० म्हणजे मीटर का? – एक वाचक, इंदापूर तालुका

उत्तर : मीटर नव्हे, फूट. आपल्याकडे मेट्रिक मापं आली ती त्यानंतर. मग १:५०,००० चे नकाशे निघाले. तुमचा १:६३,३६० चा. तपकिरी रेघा म्हणजे समान उंचीच्या जागा, सहसा दर पन्नास फुटांना एक.

आता गंमत बघा. उजनी पूर्ण भरली की पाणी ४९६.८३ मीटरवर टेकतं, म्हणजे १६३० फूट. तेव्हा १६००च्या रेघेच्या नदीकडचं सगळं पाण्याखाली. १६५०च्या वरचं कोरडं. मधल्या पट्ट्यात अंदाजच करावा लागेल. मी असा नकाशा काचेवर ठेवून, खालून दिवा लावून, ट्रेसिंग पेपरवर भीमेकाठची रेघ उतरवतो. मूळ कागदावर पेन्सिल लावू नका, घडीवर तर मुळीच नको, तिथंच फाटतो.

पिवळा रंग लागवडीचा. काळ्या रेघेचे ओढे पावसाळ्यानंतर आटणारे, निळ्यांना पाणी. तुमचा बांध मात्र यात दिसणार नाही. इथं मैलाचा इंच झालाय! सर्व्हे नंबर हवा असेल तर भूमी अभिलेखकडं जुन्या गावाचा गावनकाशा मागा.